लॉकडाऊनच्या सरावाआधी दाराची किल्ली बघा

काल आईला फोनवर म्हटलं, "उद्या शाळेत लॉकडाऊनचा सराव आहे, फोन करायला उशीर होईल." ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, परत कोरोना आला की काय तिकडे?" साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या आईसाठी लॉकडाऊन म्हणजे मार्च 2020, ओस पडलेला रस्ता आणि फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी. मी न्यू जर्सीत पहिलीच्या वर्गात मदतनीस आहे. माझ्यासाठी त्या शब्दाचा अर्थ असा, की कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर वीस लेकरं घेऊन अंधारात एका कोपऱ्यात चिडीचूप बसायचं. हे तिला सांगायचं मी सहा वर्षं टाळत होते. काल सांगितलं.

आमच्या राज्यात कायद्याने दर महिन्याला आगीचा एक आणि सुरक्षेचा एक सराव घ्यावा लागतो. लॉकडाऊन त्या सुरक्षेच्या सरावांपैकी एक. तो झाला की इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, एवढ्याशा पोरांना कशाला घाबरवता? दुसरी म्हणते, घाबरू देत, जीव तर वाचेल. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंही फक्त मुलांबद्दल बोलतात. तयारी मोठ्यांनी करायची असते. मुलांच्या वाट्याला त्यातली शेवटची पाच मिनिटं यावीत.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगते. पहिल्या वर्षी मी बदली शिक्षिका म्हणून एका शाळेत गेले होते. सकाळी ऑफिसात हजेरीपत्रक मिळालं, जेवणाच्या पैशांचा लखोटा मिळाला, वर्गाची किल्ली मिळाली नाही. मीही मागितली नाही. साडेदहाला स्पीकरवर "लॉकडाऊन" असा आवाज आला. सराव आहे की खरं, कुणी बोललं नाही. दार बाहेरून किल्लीने बंद होणारं. मी मुलांना कोपऱ्यात ढकललं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले, दुसरं काय करणार? थोड्या वेळाने कुणीतरी बाहेरून मूठ गदागदा हलवली. ते मुख्याध्यापक होते, दारं बंद आहेत का ते तपासत होते. पण आम्हाला काय माहीत? माझ्या पायाशी बसलेल्या मुलाची पँट ओली झाली. तो रडलाही नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर अजून डोळ्यांसमोर आहे.

त्या दिवसापासून मी कुठल्याही वर्गात शिरले की आधी दार बघते. हे वेड नाही. कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हुकच्या शाळेत 14 डिसेंबर 2012 ला गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गेली. तिथल्या वर्गांची दारं फक्त बाहेरून, किल्लीनेच लागायची. पुढे नेमलेल्या समितीने वर्गाचं दार आतून लावता आलं पाहिजे, अशी ठाम शिफारस केली. टेक्सासमधल्या उवाल्डीच्या शाळेत 2022 साली 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या 111 नंबरच्या वर्गाचं कुलूप नीट लागत नाही, हे शाळेत माहीत होतं, पण दुरुस्तीचा अर्जच गेलेला नव्हता. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 2018 मध्ये गोळीबार चालू असताना आगीची घंटा वाजली आणि मुलं वर्गाबाहेर आली. दाराच्या काचेतून जो कोपरा दिसत नाही, तो तिथल्या बऱ्याच वर्गांत कुणी आखून ठेवलेला नव्हता. मूळ दुखणं बंदुकांचं आहे आणि त्याबद्दल मी मतदानाच्या दिवशी बोलते. पण कुलूप, किल्ली आणि जमिनीवरची एक पट्टी, एवढं तर उद्या सकाळी शाळेच्या हातात आहे ना?

आमच्या वर्गात आता काय आहे ते सांगते. दार दिवसभर कुलूप लावलेल्या स्थितीतच असतं, फक्त चौकटीवर एक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते म्हणून ते अडकत नाही. पट्टी ओढली की दार लागलं, किल्ली शोधत बसायला नको. दाराच्या काचेवर काळा कागद गुंडाळून ठेवलाय, फीत ओढली की सुळकन खाली येतो. जमिनीवर निळ्या टेपची रेघ आहे. काचेतून त्या रेघेच्या आतलं दिसत नाही. रेघ मारायला मी स्वतः बाहेर जाऊन काचेला नाक लावून उभी राहिले आणि आत वर्गशिक्षिका इंचाइंचाने सरकत होत्या.

आणि तरी गेल्या सरावात एक गोष्ट निसटलीच. दिवे बंद केले, सगळे बसले, आणि कोपऱ्यात लाल-निळं चमकायला लागलं. एका मुलीचे टाचेत दिवे असलेले बूट! पाय हलला की लखलख. तिने दोन्ही हातांनी टाचा झाकून धरल्या आणि शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. सहा वर्षांचं पोर ते. आता कोपऱ्यात एक गोधडी असते, सगळ्यांच्या पायांवर टाकायला. खूप वेळ गप्प बसवत नाही अशांसाठी डब्यात लॉलीपॉप आहेत. आमच्या वर्गात एक मुलगा बोलत नाही, अस्वस्थ झाला की गुणगुणतो. त्याच्यासाठी आम्ही चित्रांची चार पानी गोष्ट केली: दिवा बंद, कोपरा, बाईंचा हात, दिवा चालू. सरावाआधी आठवडाभर ती रोज वाचतो.

शब्दही असेच आधी ठरवून ठेवावे लागतात. आमच्या दारावरचा तक्ता 'आय लव्ह यू गाइज' नावाच्या संस्थेचा आहे. कोलोरॅडोतल्या प्लॅट कॅन्यन शाळेत 2006 साली एमिली कीज या विद्यार्थिनीला बंदूकधाऱ्याने मारलं. ओलीस असताना तिने आईवडिलांना पाठवलेल्या मेसेजमधले हे शब्द, आणि त्या आईवडिलांनीच पुढे ही संस्था काढली. तक्त्यावर मोजके शब्द आहेत. 'सिक्युअर' म्हणजे धोका इमारतीबाहेर आहे, बाहेरची दारं लावा, आत शिकवणं चालू द्या. 'लॉकडाऊन' म्हणजे कुलूप, दिवे, नजरेआड. पूर्वी 'सिक्युअर'ला 'लॉकआउट' म्हणत. घाईत लॉकआउट आणि लॉकडाऊन यांत गोंधळ व्हायचा, म्हणून शब्दच बदलला. कुणीतरी एवढा विचार केलाय, याने मला धीर येतो.

नाटकी सरावाला मात्र माझा साफ विरोध आहे. खोटं रक्त, खोट्या गोळ्यांचे आवाज, मुलांना न सांगता केलेली पळापळ, याने कुणी काही शिकत नाही. इंडियानात 2019 साली प्रशिक्षणाच्या नावाखाली शिक्षकांवर प्लॅस्टिकचे छर्रे झाडले, अंगावर वळ उठले. मोठ्यांची ही गत, तर मुलांचं काय होईल! न्यू जर्सीने 2022 मध्ये कायदाच केला: हा सराव आहे आणि आत्ता धोका नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायचं, नकली बंदूक, रक्त, गोळीचा आवाज काही वापरायचं नाही, आणि त्याच दिवशी शाळा सुटेपर्यंत पालकांना लेखी कळवायचं. माझ्यासोबत घडलं ते त्याच्या आधीचं. आम्ही तर आदल्या दिवशीच मुलांना सांगतो, "उद्या आपण शांत बसण्याचा सराव करणार. कुणीतरी बाहेरून मूठ हलवून बघेल, ते आपले सरच असतील. तरीही आपण दार उघडायचं नाही. बाहेरून उघडेपर्यंत थांबायचं."

आता आपल्या लोकांना दोन शब्द. सरावाच्या संध्याकाळी मुलाला खोदून खोदून विचारू नका आणि "काही नसतं रे ते" म्हणून उडवूनही लावू नका. ते सांगेल तेवढं ऐका. खरंच लॉकडाऊन झालं तर मुलाच्या फोनवर फोन करू नका, अंधारात तो वाजतो. गाडी काढून शाळेकडे धावू नका, पोलिसांची वाट अडते. शाळा जागा कळवते, तिथे जायचं, फोटोचं ओळखपत्र दाखवायचं आणि मूल घ्यायचं.

मूल कुणी न्यायचं याची शाळेकडे यादी असते, त्यात नाव असलेल्यालाच ते देतात. आपल्याकडे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, रोज दुपारी नातवाला आणायला जातात, दारातल्या बाई त्यांना ओळखतातही. पण यादीत नाव नसतं, आणि त्या दिवशी दारात त्या बाई नसतील. शाळेच्या ऑफिसात फॉर्म मिळतो, पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच लिहा. माझी आई एप्रिलमध्ये येते आहे, तिचं मी परवाच भरून दिलं.