दुसरे धुराडे

वडिलांच्या काळी आमच्या उसाची नोंद एकाच कारखान्याकडे होत असे, कारण आमच्या तालुक्यात दुसरा कारखानाच नव्हता. आडसाली ऊस सोळा-सतरा महिने जपायचा आणि मग तोड मिळावी म्हणून कारखान्याच्या गटऑफिसच्या ओट्यावर बसून राहायचे, हे मी लहानपणी दर हिवाळ्यात पाहिले आहे. उसाला तुरा येऊन गेला तरी पाळी येत नसे, आणि आली तरी वजन किती भरले हे काट्याची पावती सांगेल तेवढेच. एका हंगामात लागोपाठ तीन खेपांचे वजन नेहमीपेक्षा फारच कमी आले, तेव्हा वडिलांनी काट्यावर विचारणा केली. उत्तर मिळाले, "पटत नसेल तर दुसरीकडे घाला." दुसरीकडे म्हणजे कुठेच नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यालाही.

काही वर्षांनी शेजारच्या तालुक्यात एक खासगी कारखाना उभा राहिला. त्याने दर फार मोठा दिला असे नाही. पण पहिल्याच हंगामात त्यांचा स्लिपबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, आमच्या बांधावर आला, वडिलांना "काका" म्हणाला आणि तोड कधी हवी ते विचारून गेला. त्याच वर्षी जुन्या कारखान्याचा माणूसही घरी आला, आणि आमच्या पावत्यांवरचे वजन पुन्हा पूर्वीसारखे भरू लागले. त्या दोन कारखान्यांपैकी एक चांगला आणि एक वाईट होता असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. शेतकऱ्याला जायला दुसरी वाट निर्माण झाली, एवढाच फरक पडला होता.

ऊस हे इतर मालासारखे पीक नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन घरात थांबवता येते. तुटलेला ऊस मात्र तासातासाला वाळतो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, उतरतो. तो लांब नेणे परवडत नाही, म्हणून जवळचा कारखाना आपोआपच मक्तेदार होतो. या नैसर्गिक मक्तेदारीवर कायद्याने आणखी एक कुंपण घातले आहे. १९९८ मध्ये साखर कारखान्यांची परवानापद्धत संपली, तरी दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असावे असा केंद्राचा नियम २००६ मध्ये आला, आणि महाराष्ट्राने ते अंतर २५ किलोमीटर ठेवले. रंगराजन समितीने २०१२ च्या अहवालात ही अंतराची अट आणि उसाचे राखीव क्षेत्र दोन्ही काढून टाकावेत असे सुचवले होते. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने झोनबंदीविरुद्ध, म्हणजे नेमून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याच्या सक्तीविरुद्ध, लढा दिला, तो याच प्रश्नावर होता: आपला माल कुणाला द्यायचा हे शेतकऱ्याने का ठरवू नये?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे एफआरपी, केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये हा दर कायद्याने ठरलेला आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचे, हेही कायद्यातच आहे. मी या कायद्याच्या बाजूने आहे, तो नसता तर आमची स्थिती फार वाईट असती. परंतु शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष पडणारी रक्कम तीन आकड्यांवर ठरते: वजन, उतारा आणि एफआरपीतून वजा होणारा तोडणी-वाहतुकीचा खर्च. हे तिन्ही आकडे खरेदीदारच मांडतो. सरकारी तपासणी हंगामात कधीतरी होते. शेजारचा कारखाना मात्र रोजच्या रोज तपासणी करतो, कारण काट्यात किंवा उताऱ्यात फरक दिसला की ट्रॅक्टर तिकडे वळतात. दुसरा गिऱ्हाईक नसेल तिथे किमान म्हणून ठरवलेला दर हाच कमाल दर होऊन बसतो.

२०२३ साली पाऊस कमी झाला आणि ऊस कमी पडणार हे दिसू लागले, तेव्हा सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने ऊस परराज्यात नेण्यावर बंदी घातली. सीमेवरच्या शेतकऱ्यांना कर्नाटकातले कारखाने हा खरा पर्याय होता आणि तोच बंद होत होता. विरोध झाल्यावर काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला गेला, याचे मला आजही समाधान आहे. कारखाने जगले पाहिजेत हे खरेच. पण ते जगवण्यासाठी शेतकऱ्याचा रस्ता अडवणे हा मार्ग मला मान्य नाही.

मात्र नुसती धुराडी मोजून स्पर्धा मोजता येत नाही. राज्यात हंगामात सुमारे २०० कारखाने चालतात, त्यांतले जवळपास निम्मे खासगी आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा कारखाना शेतकऱ्याच्याच मालकीचा असेल तर त्याला स्पर्धेच्या संरक्षणाची गरज पडणार नाही, हा विचार त्यामागे होता, आणि मी तो आजही मोठा मानतो. पण सहकारी कारखान्याच्या संचालकांचे आप्त शेजारीच खासगी कारखाना चालवत असतील, तर दोन धुराड्यांतून दर एकच निघतो. पुन्हा ऊस अमाप झाला की पारडे उलटते. २०२१-२२ मध्ये गाळप जूनपर्यंत लांबले, मराठवाड्यात ऊस उभा राहिला, आणि कारखान्यांनी शेतकऱ्यांसाठी धावण्याऐवजी शेतकरीच ऊसतोड मजुरांच्या टोळीसाठी धावू लागले. टोळी आणणाऱ्या मुकादमाला खुशाली, ड्रायव्हरला एंट्री, हे सगळे वरचे पैसे उसाच्या मालकानेच भरले.

या स्पर्धेचे एक अंग आम्ही ऊसवाले सहसा बोलत नाही. ऊस पळवायचा तर टोळ्याही पळवाव्या लागतात. म्हणून उन्हाळा सरत आला की बीडच्या आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांत मुकादमांमार्फत लाखोंच्या रकमा पोहोचतात, आणि टोळ्या मिळेनाशा झाल्या की त्या रकमा आणखी वाढतात. आमच्याकडे उसाच्या पहिल्या हप्त्याला उचल म्हणतात. कोयत्याच्या जोडीला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोला, आगाऊ मिळणाऱ्या रकमेलाही उचलच म्हणतात. आमची उचल वाढली की आमचे कर्ज फिटते. त्यांची उचल वाढली की त्यांचे कर्ज वाढते, कारण तोडणीचा टनाचा दर कारखान्यांच्या चढाओढीत ठरत नाही. तो कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या राज्यव्यापी करारात काही वर्षांसाठी बांधून ठेवला जातो. उचल फिटेपर्यंत त्या जोडीला दुसऱ्या टोळीत जाता येत नाही. वडिलांना काट्यावर मिळालेले उत्तर मला आठवते, तेव्हा माझ्याच फडात पहाटे चारला मोळ्या बांधणाऱ्या बाईला जायला दुसरीकडे कुठे आहे, हा प्रश्न मी टाळू शकत नाही.