अँकोट्सच्या गिरण्या म्हणजे 'नुसती लाल वीट' नाही हो

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या अँकोट्स भागाचे फोटो टाकून एक पोस्ट फिरतेय, की तिथल्या जुन्या सूतगिरण्या म्हणजे विटांची साधी खोकी, सगळं वजन भिंतींवर, खिडक्या मोठ्या कारण कामगारांना हवा मिळावी, आगीचा विचार शून्य, आणि आता विटांमधले सांधे सिमेंटने भरले की काम झालं. फोटो झकास आहेत, मजकूर मात्र जवळपास सगळाच चुकलाय.

वजनाचं बघू. तुळयांची टोकं भिंतीवर टेकतात हे खरं, पण मधे यंत्रं, कापूस, माणसं असा जो भार असायचा तो बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खांबांच्या रांगा घ्यायच्या. तिथल्या मरे बंधूंच्या १७९८ च्या ओल्ड मिलमधे पण हेच, लाकडी तुळया आणि खाली बिडाचे खांब. बाहेरून वीटच दिसते म्हणून सगळं श्रेय तिला.

हवेसाठी खिडक्या? उलट कताईखात्यात उष्ण, दमट हवाच लागते, कोरडी झाली की सूत तुटतं, त्यामुळे खिडक्या बहुतेक वेळ बंदच. त्या होत्या उजेडासाठी, कारण बारीक धागा तुटलेला दिसला तरच जोडणार ना.

आगीचं तर राहूच दे. हवेत कापसाचे तंतू, तेलाचे दिवे, तेल पिऊन बसलेली लाकडी जमीन, एक ठिणगी आणि गिरणी खलास, हे मालकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं, पैसे त्यांचेच जळायचे! म्हणून १७९७ मधे इंग्लंडमधल्याच श्रूजबरी गावात तुळयांसकट लोखंडी सांगाड्याची गिरणी उभी राहिली आणि अँकोट्समधे १८१८-२० ची सेजविक मिल त्याच वाटेने गेली, बिडाच्या तुळया आणि त्यांच्या मधे विटांच्या कमानी, त्यावर जमीन. (बीड जळत नाही, पण तापलेल्यावर गार पाणी पडलं की तडकतं, म्हणजे 'फायरप्रूफ' हा शब्द जरा बेतानेच घ्यायचा.)

खाली कमेंटमधे एकाने 'नदीवरची पाणचक्की' पण आणलीय. अहो, या गिरण्या वाफेवरच्या, त्यांना कोळसा आणि इंजिनासाठी पाणी हवं, म्हणून त्या रॉचडेल कालव्याला चिकटून. मरेंच्या गिरण्यांमधल्या चौकात तर कालव्याला बोगद्याने जोडलेला, बोटी लावायचा स्वतःचा धक्का होता.

आणि सिमेंट, हा सल्ला सगळ्यात घातक. या विटा चुन्यात बांधल्यात, चुना विटेपेक्षा मऊ, भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर जातो. तिथे कडक सिमेंट भरलं की ओल विटेतून वाट काढते, थंडीत ती गोठते आणि विटेचा चेहराच पापुद्र्यांनी सुटतो. सांधा परत भरता येतो, वीट नाही.