संघटना त्यांची, ढाल आमची

परवा पुन्हा एक पत्रक फिरत फिरत व्हॉट्सॲपवर आलं. इंग्रजी शाळांच्या संस्थाचालक संघटनेचं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली गरीब आणि वंचित मुलांना मोफत शिकवल्याची सरकारकडे थकलेली प्रतिपूर्ती द्या, नाहीतर यंदा त्यांच्यासाठी राखीव २५ टक्क्यांचे प्रवेश घेणार नाही. आणि चौथ्या ओळीत नेहमीचं वाक्य, 'शिक्षकांचे पगार थकले आहेत.'

मी अकरा वर्षं तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित शाळेत शिकवलंय. हे वाक्य वाचलं की अजून डोकं फिरतं.

आधी हे सांगते, की मागणी खोटी नाही. सरकारने एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवले, कोविडच्या काळात ते ८,००० वर आणले होते, आणि ठरलेले पैसेही वेळेवर नाहीत. छोट्या शाळेचं यात कंबरडंच मोडतं. संघटना नसती तर एकट्या संस्थाचालकाला शिक्षणाधिकारी कार्यालयात कुणी खुर्चीही दिली नसती.

पण पगाराचं म्हणाल तर, आमच्याकडे तो कागदावर एक आणि हातात दुसरा. मार्च महिन्यात ऑफिसात बोलावून वर्षभराच्या व्हाउचरवर सह्या घ्यायच्या. रेव्हेन्यू स्टॅम्पसुद्धा आधीच चिकटवलेले. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा सेवाशर्ती कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. संघटनेच्या एकाही पत्रकात मी त्याचं नाव वाचलेलं नाही.

२०२४ चं आठवतंय? ९ फेब्रुवारीला सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. आमच्या स्टाफरूममध्ये पेढे आले. १९ जुलैला हायकोर्टाने तो बदल रद्द केला, तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. आमच्या गेटसमोर इस्त्रीचं दुकान चालवणारी ताई रोज विचारायची, "मॅडम, आमच्या पोरीचं काय झालं?" थकबाकी सरकारकडे, आणि घरी बसली तिची पोरगी! प्रवेश बंद करायची धमकी देणाऱ्यांना हे दिसत नाही असं नाही. सरकार तेवढ्यालाच हलतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

एकदा धीर करून आमच्या संस्थाचालक सरांना म्हटलं, "संघटनेच्या बैठकीला आमच्यातलं कुणी एक न्या ना. पगाराचा विषय आमचाच आहे."

सर हसले. म्हणाले, "अहो मॅडम, ती ट्रस्टींची संघटना आहे."

मग चौथी ओळ खोडा की.