इजिप्तच्या नावाने फिरणारा मेसेज: ३५ हजार भरण्याआधी हे वाचा

निफाड तालुक्यात माझा मावसभाऊ कांदा आणि द्राक्षं करतो. परवा त्याने मला त्यांच्या शेतकरी गटात आलेला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, पैसे भरू का? शनिवारी शेवटची तारीख आहे." तोच मेसेज त्यानंतर दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या ओळखीच्या लोकांकडूनही माझ्यापर्यंत आला. म्हणून त्याला एकट्याला समजावण्यापेक्षा इथेच लिहितो.

मेसेज असा आहे. इजिप्त ब्रिक्समध्ये (भारत, चीन, रशिया वगैरे देशांच्या गटात) आल्यामुळे भारतीय मालावरचं आयात शुल्क शून्य झालं. ११ कोटी लोकांचा देश, सगळं वाळवंट, तिथे काही पिकत नाही, त्यामुळे कांदा, द्राक्ष, डाळिंबाला प्रचंड मागणी. शिवाय साबण, खेळणी, चादरी काहीही पाठवा. पैसे रुपयांत, माल जहाजावर चढताच. कागदपत्रांची कटकट नाही, फक्त आमच्याकडून 'इजिप्त निर्यात परवाना' घ्या, फी ३५ हजार. माल दहा दिवसांत पोहोच.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. इजिप्त १ जानेवारी २०२४ पासून ब्रिक्सचा सदस्य आहे. पण ब्रिक्स हा मुक्त व्यापार करार नाही. चीन तर ब्रिक्सचा पहिल्या दिवसापासूनचा सदस्य, मग चिनी मालावर आपण सीमाशुल्क घेत नाही का? घेतो, आणि कित्येक वस्तूंवर वर अँटी-डंपिंग शुल्कही (फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरचं जादा शुल्क) लावतो. इजिप्तने शुल्कमाफी दिली आहे ती ज्यांच्याशी करार केले त्यांना: युरोपीय संघ, तुर्कस्तान, अरब देश, आफ्रिकेतला कोमेसा गट. युरोपातल्या मोटारींवरचं सीमाशुल्क तर जानेवारी २०१९ पासून शून्य आहे. भारताचा इजिप्तशी १९७८ चा व्यापार करार आहे, पण त्यात इतर देशांसारखीच वागणूक मिळते, माफी नाही. म्हणजे तुमचा माल शुल्क भरून आत जाणार आणि शेजारी तुर्कस्तानचा माल बिनशुल्काचा ठेवलेला असणार. भाव लावताना पहिला हिशेब हाच करायचा.

आता 'तिथे काही पिकत नाही'. हे वाचून मला खरोखर संताप आला, कारण हे नाशिकच्या शेतकऱ्याला सांगितलं जातंय. देशाचा बहुतेक भाग वाळवंट आहे हे मान्य. पण लोक राहतात आणि शेती करतात ती नाईलच्या काठाने आणि मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात, आणि तिथली जमीन जगातल्या उत्तम जमिनींत मोजली जाते. इजिप्त स्वतः कांदा निर्यात करतो. २०१९ च्या शेवटी आपल्याकडे कांदा शंभरी पार गेला तेव्हा केंद्राच्या एमएमटीसी या व्यापार कंपनीने परदेशातून कांदा मागवला, त्यातला ६,०९० टनांचा सौदा इजिप्तचाच होता. तो मोठा, गडद, कमी तिखट कांदा मुंबईच्या बाजारात आला होता, आठवतोय ना? ज्या देशाने आपल्याला कांदा विकला, त्याच देशात कांदा पिकत नाही म्हणून आपल्याच शेतकऱ्याला गाडी भरायला सांगायचं, याला काय म्हणावं?

इजिप्तमध्ये कांद्याची टंचाई झाली तेही एकदा नीट पाहू. २०२३ मध्ये तिथे भाव भडकले आणि सरकारने ऑक्टोबरपासून कांदा निर्यात बंद केली, पुढे ती बंदी मार्च २०२४ पर्यंत वाढवली. तेव्हा आपण काय करत होतो? ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, आणि ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी. ती मे २०२४ मध्ये उठली. म्हणजे समोरच्याला कांद्याची गरज पडली नेमका तेव्हाच आपला दरवाजा बंद झाला. कांदाचाळीत माल ठेवून बसलेल्यांना ते महिने मी आठवून द्यायला नको. एरवीच्या वर्षी तिथला कांदा परदेशच्या बाजारात आपल्याच कांद्याशी स्पर्धा करतो.

द्राक्षांचंही तेच. आपला हंगाम एप्रिलमध्ये आटोपला की युरोपच्या दुकानांत मेअखेरपासून इजिप्तची द्राक्षं लागतात. असियूत भागातलं डाळिंब बाहेर जातं. संत्र्याच्या निर्यातीत तर इजिप्त जगात सगळ्यात पुढच्या देशांत आहे आणि वाशीच्या बाजारात इजिप्तचं संत्रं मिळतं. त्या देशाला बाहेरून लागतो तो गहू, खाद्यतेल, मांस. गव्हासाठी एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी भारताला मान्यता दिली, आणि १३ मे २०२२ ला आपण गव्हाची निर्यात थांबवली. कांडला बंदरात इजिप्तसाठी भरला जात असलेला ६१,५०० टन गहू नंतर खास सवलत देऊन सोडावा लागला. हे सरकार ते सरकार पातळीवरचं काम, ३५ हजारांच्या परवान्याने होणारं नव्हे.

परवाना. सगळ्यात जास्त नुकसान इथे आहे. सर्वसाधारण मालासाठी भारत सरकार देशागणिक निर्यात परवाना देतच नाही. निर्यातदाराला लागतो तो आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक. तो डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर पॅन क्रमांकावर मिळतो, फी ५०० रुपये, आणि तो सगळ्या देशांना चालतो. 'इजिप्त परवाना' नावाचा कागद जो कोणी देईल तो त्याने स्वतःच छापलेला असेल.

आणि खरे नियम इजिप्तच्या बाजूने आहेत, त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. इजिप्तच्या व्यापार मंत्रालयाचा २०१६ चा ४३ क्रमांकाचा आदेश बघा. ठरावीक यादीतला माल पाठवणाऱ्या कारखान्याची किंवा ब्रँडच्या मालकाची नोंद तिथल्या आयात-निर्यात नियंत्रण संस्थेकडे आधी झालेली असली पाहिजे, नाहीतर तो माल विक्रीसाठी आत सोडत नाहीत. यादीत चॉकलेट, सौंदर्यप्रसाधनं, साबण, खेळणी, कपडे, गालिचे, काचेची भांडी, घरगुती उपकरणं आहेत. नोंदणीसाठी कारखान्याची कायदेशीर कागदपत्रं, ट्रेडमार्क, गुणवत्ता प्रमाणपत्र, सगळं साक्षांकित करून द्यावं लागतं आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. गावात दुसऱ्याकडून साबण घेऊन पाठवणाऱ्याला ही नोंद मिळतच नाही, कारण तो कारखानदारही नाही आणि ब्रँडचा मालकही नाही. ताजा कांदा या यादीत नाही, पण त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि तिथल्या क्वारंटाइनच्या अटी आहेतच.

त्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी आगाऊ माहितीची सक्ती आहे. हे चालतं कसं ते सांगतो. तिथला आयातदार 'नाफिझा' या सरकारी पोर्टलवर तुमचं नाव, मालाचा एचएस कोड (सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांक) आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचं कच्चं बिल) भरतो. मंजुरी मिळाली की १९ आकडी क्रमांक तयार होतो, त्याला 'एसिड' म्हणतात. तो क्रमांक इन्व्हॉइसवर आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) छापावा लागतो, आणि कागदपत्रं तुम्ही स्वतः 'कार्गोएक्स' या प्रणालीतून पाठवायची. क्रमांक नसेल तर माल तिथे उतरवून घेत नाहीत, परतीचं भाडं तुमच्या गळ्यात. मुद्दा असा की हा क्रमांक फक्त तिथला नोंदणीकृत आयातदारच काढू शकतो. म्हणून मेसेजवाल्याला एकच विचारा: आयातदार कोण, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या. माझ्या भावाने विचारलं, तर उत्तर आलं की "ते गोपनीय असतं".

पैसे रुपयांत मिळतील का? रुपयात व्यवहाराची सोय रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने केली, हे खरं. पण त्यासाठी समोरच्या बँकेचं भारतीय बँकेत खास व्होस्ट्रो खातं (परदेशी बँकेचं इथलं रुपयातलं खातं) लागतं. तुमच्या ग्राहकाच्या बँकेचं आहे का, हे बँकेत जाऊन विचारायचं, मेसेजवर विश्वास ठेवायचा नाही. इजिप्तमध्ये परकीय चलनाची ओढाताण किती झाली ते पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बहुतेक आयातीला लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे बँकेची पैसे देण्याची हमी) सक्तीचं केलं, बँकांकडे डॉलर नव्हते, माल बंदरांत अडकून पडला. वर्षअखेरीस ती सक्ती मागे घेतली. मार्च २०२२ च्या आधी डॉलरला १६ इजिप्शियन पौंडांच्या आत असलेला दर मार्च २०२४ मध्ये ५० च्या आसपास गेला. अशा बाजारात ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा किंवा चांगल्या बँकेने हमी दिलेलं एलसी असल्याशिवाय कंटेनर भरू नये.

दहा दिवसांचा दावा तर २०२३ च्या अखेरीपासूनच कोसळला. इजिप्तच्या वाटेवरच्या तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर न्हावाशेवाहून निघालेली कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशवंत माल घेऊन हा जुगार कोण खेळेल?

इजिप्तमध्ये संधी नाही असं मी म्हणत नाही. २०२१-२२ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार ७.२६ अब्ज डॉलरवर गेला होता, आणि जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिसी प्रजासत्ताक दिनाला आले तेव्हा पाच वर्षांत १२ अब्जांचं उद्दिष्ट ठरलं. म्हशीचं मांस, सूत, पोलाद, यंत्रसामग्री, वाहनं आपल्याकडून जातात. पण मोठ्यांनाही तिथे धक्के बसतात. पुण्याच्या बजाजची तीनचाकी कैरोच्या गल्लीबोळांत 'तुकतुक' म्हणून पसरली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने तिच्या मुख्य सुट्या भागांची आयातच थांबवली.

ज्याला खरंच पाठवायचं आहे त्याने कैरोतल्या भारतीय दूतावासाच्या व्यापार विभागाला लिहावं, शेतमालासाठी अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेकडे जावं आणि ग्राहकाची पत ईसीजीसीकडून तपासून घ्यावी. आणि ज्यांनी ३५ हजार आधीच भरलेत त्यांनी लाजून गप्प बसू नका. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक आणि मेसेजचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.