पक्ष गोठवला, कौल टिकला : ग्वाटेमालावरून कट्ट्यावर झालेला वाद

वादाला तोंड फुटले ते वकीलसाहेबांच्या एका विधानावरून. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात 2023च्या अध्यक्षीय निवडणुकीला 22 उमेदवार उभे होते, पहिल्या फेरीत कोणत्याही उमेदवारापेक्षा रद्द मतांचाच आकडा मोठा ठरून 17 टक्क्यांच्या वर गेला, आणि पक्षांचे असे पीक येणाऱ्या देशात नोंदणीचे नियम कडक करण्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांनी ठामपणे मांडले.

मास्तरांना हे पटले नाही. "वकीलसाहेब, पक्ष पुष्कळ आहेत हे दुखणे नव्हे, ते टिकत नाहीत हे दुखणे आहे," असे म्हणून त्यांनी दाखवून दिले की 1985च्या राज्यघटनेनंतर तिथे सत्ताधारी पक्षाला अध्यक्षपद एकदाही राखता आलेले नाही. अध्यक्षाला पुन्हा उभे राहता येत नाही, त्यामुळे एका नेत्याभोवती जमलेला पक्ष चार वर्षांत ओस पडतो. सीमाशुल्क घोटाळ्यामुळे 2015 मध्ये पायउतार झालेले अध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांचा पॅट्रियोटा पक्ष तर पुढे नोंदणीतूनच बाद झाला.

"म्हणूनच थोडे आणि जुने पक्ष बरे," वकीलसाहेब म्हणाले. त्यावर मास्तरांनी शेजारच्या होंडुरासचे उदाहरण काढले. तिथे लिबरल आणि नॅशनल या दोनच पक्षांकडे सत्ता फिरत असे. तरीही 2009 साली लष्कराने ज्यांना देशाबाहेर नेले ते अध्यक्ष मान्वेल सेलाया लिबरल होते, आणि त्यांच्या जागी बसलेले रोबेर्तो मिचेलेत्तीही लिबरलच होते.

माझे मत मी तेव्हा मांडले, आणि ते आजही तेच आहे. त्याच घोटाळ्याविरुद्धच्या 2015च्या जनआंदोलनातून घडलेल्या सेमिया पक्षाचे बेर्नार्दो आरेवालो दुसऱ्या फेरीत सुमारे 58 टक्के मते घेऊन जिंकले. पण त्याआधीच, 12 जुलै रोजी, नोंदणीच्या वेळच्या सह्या खोट्या असल्याच्या आरोपावरून एका न्यायाधीशाने तो पक्ष स्थगित करण्याचा आदेश दिला होता. निवडणूक चालू असताना पक्ष स्थगित करण्यास तिथला कायदाच मनाई करतो. वकीलसाहेब ज्या नोंदणीच्या अटी आणखी आवळू पाहतात, त्या अटींचेच तिथे हत्यार झाले, आणि ही गोष्ट मला नजरेआड करवत नाही.

मग कौल राखला कोणी? 2 ऑक्टोबर 2023 पासून तोतोनिकापान येथील 48 कांतोनेस या मूलनिवासी ग्रामसंस्थेने आणि इतर समाजांच्या पारंपरिक पंचांनी रस्ते रोखले आणि राजधानीत, निकाल उलटवू पाहणाऱ्या सरकारी वकिलांच्या मुख्यालयासमोर शंभराहून अधिक दिवस ठाण मांडले. या पंचांना गावाने नेमलेले असते आणि ते विनावेतन सेवा करतात. आरेवालो यांचा शपथविधी अखेर 15 जानेवारी 2024 रोजी मध्यरात्र उलटल्यावर झाला.

वकीलसाहेब बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जे विचारले त्याने मास्तरही थांबले. पंचांनी निकाल वाचवला हे मान्य. पण 160 जणांच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, सेमियाचे अवघे 23 सदस्य निवडून आले होते, पक्ष स्थगित असल्यामुळे त्यांना अपक्ष ठरवून समित्यांच्या अध्यक्षपदापासूनही दूर ठेवण्यात आले, तेव्हा तिथे कायदा मंजूर करून घेण्यासाठी बहुमत कोण जमवणार होते?