अवचित या, पण उंबऱ्यापर्यंत

शेजारच्या काकू न सांगता डबा घेऊन आल्या, तर तो आपलेपणा की आगाऊपणा? नागपूरच्या मनीषनगर, बेसा भागातल्या नव्या फ्लॅट स्कीमपर्यंत हा वाद पोचला आहे. ‘आधी फोन करा’ म्हणणारे हटकून अमेरिकेचा दाखला देतात. इथे अमेरिकेत राहून सांगावंसं वाटतं, की तो दाखला अर्धाच आहे. फोनशिवाय इथे कोणी कुणाच्या घरी बसायला जात नाही, हे खरं. पण नवं बिऱ्हाड आलं की केळ्याचा ब्रेड किंवा कुकीज घेऊन अवचित दार वाजवणारे शेजारी इथेही आहेत. दोन मिनिटं उंबऱ्यावर उभं राहून नाव सांगतात आणि निघतात.

नागपुरात भार पडतो तो ‘बसा नं जी, चहा तरी घ्या’ इथून पुढे. खाऊ आयता आलेला असतो, तरी घरची बाई गॅसपुढे उभी राहते. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत. म्हणून अवचित यावं जरूर, बसू मात्र नये.

काय न्यावं, यालाही विचार लागतो. सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, उत्तम; पण गरम वडी झाकणाच्या डब्यात भरली की वाफेने पारी मऊ पडते. चाळणीवर पूर्ण निवू द्या, डब्यात तळाला कागद घाला, कढी वेगळी न्या. सांबार (कोथिंबीर) धुऊन फडक्यावर कोरडा केला नसेल तर वडी तेलातच फुटते, मग न्यायला काही उरतच नाही. गोळाभात न्यायचा तर गोळ्यांना बारीक बेसन नको, हरभरा डाळीचा भरडाच हवा. वाटीभर भरड्याला दोन मोठे चमचे तेलाचं मोहन घाला. कमी पडलं तर गोळा कोरडा होऊन घशात तोठरा बसतो. हिंग-मोहरीची फोडणी वेगळ्या वाटीत द्या, खाणारा हवी तेवढी घेईल.

शिजलेलं अन्न बाहेर किती वेळ ठेवायचं, याचा अमेरिकेतला नियम साधा आहे: दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच. भातातले काही जिवाणू बीजाणूरूपाने शिजल्यावरही टिकतात आणि कोमट भातात वाढतात. नागपूरच्या उन्हाळ्यात गोळाभात जेवणाच्या वेळीच पोचवावा, चार वाजता नाही. दुसरी सवय घटकांच्या चिठ्ठीची. २०२३ पासून अमेरिकेत पाकीटबंद पदार्थांवर तीळही ॲलर्जीचा घटक म्हणून लिहावा लागतो. घरच्या डब्याला कायदा लागू नाही, पण सांबारवडीत तीळ, खसखस आहे हे दारातच सांगायला काय लागतं? लहान मुलं असलेल्या घरी तर सांगावंच.

इथली एक गोष्ट मात्र मुळीच उचलू नये: फेकून द्यायचा फॉइलचा ट्रे. तो कचऱ्यात गेला की येणं-जाणं तिथेच संपतं. झाकणावर नाव कोरलेला स्टीलचा डबा परत करावाच लागतो, आणि आपल्याकडे तो रिकामा परत जात नाही. त्यासाठी स्वयंपाक करायची गरज नाही. नोव्हेंबरात आंबिया बहराची चार संत्री, मार्चमध्ये मृग बहराची, मे महिन्यात दोन कैऱ्या. तेही उंबऱ्यावरूनच.