शून्यातून लिंबू आणि ऊर्जेचा हिशेब

निर्वातात कण आपोआप उद्भवत असतात, तेव्हा जादूगाराच्या हातातल्या लिंबासारखी एखादी वस्तूही तत्त्वतः शून्यातून प्रकट होऊ शकेल, हे शून्यातून वस्तू प्रकट होण्याविषयीच्या लेखातील अनुमान मला घाईचे वाटते. निर्वातात क्षणभर उद्भवून नाहीसे होतात असे मानल्या जाणाऱ्या ज्या कणांना आभासी कण म्हणतात ते मुख्यतः आकडेमोडीच्या सोयीचे आहेत. खरा कण हवा असेल तर त्याची किंमत आधी चुकवावी लागते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची एक जोडी घडवायलाही गॅमा फोटॉनपाशी (अतिऊर्जावान प्रकाशकणापाशी) किमान १.०२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा आणि संवेगाचा मेळ घालण्यासाठी जवळ एखादे अणुकेंद्रक लागते. याच हिशेबाने जादूगाराच्या हातातले ५० ग्रॅमचे लिंबू खरोखर निर्माण करायचे तर हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे ७० पट ऊर्जा लागेल, आणि सोबत तितकेच प्रतिद्रव्य (प्रतिकणांचे बनलेले द्रव्य) तयार होणार असल्याने प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट. (ते प्रतिलिंबू ठेवायचे कुठे, हा प्रश्न वेगळाच!)

लेखात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले. फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात प्रसरणाऱ्या विश्वाची घनता कायम राखण्यासाठी नवे द्रव्य अत्यंत मंद गतीने सतत निर्माण होत राहते. पुढे हॉईल आणि नारळीकर यांनी त्यासाठी ऋण ऊर्जेचे ‘सी’ (क्रिएशन, म्हणजे निर्मिती) क्षेत्र कल्पिले, ते नव्या द्रव्याच्या धन ऊर्जेचा तोल सांभाळून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडू नये म्हणूनच. तो सिद्धांत निरीक्षणांपुढे मागे पडला हे खरे. परंतु द्रव्यनिर्मिती मानणाऱ्यांनीही जमाखर्चाची वही बाजूला ठेवली नव्हती.